जिवाची किंमत आणि उपचाराचा खर्च : पाळीव प्राण्यांच्या विम्याकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कुत्र्याच्या विम्याच्या प्रस्ताव अर्जात जात, लिंग, वय, रंग, ओळखीच्या खुणा असे रकाने ओळीने येतात आणि मग येतो किमतीचा रकाना. लॅब्रेडॉरचे पिल्लू विकत घेतलेल्याला तो भरायला अडचण नसते; पावती पाहायची आणि आकडा लिहायचा. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, एका पावसाळ्यात जिन्यात येऊन बसलेली आणि मग घरचीच झालेली देशी कुत्री ज्याच्याकडे आहे, त्याचे पेन तिथे अडते. शून्य लिहावे तर विमा कशाचा उतरवायचा? मनाला येईल तो आकडा लिहावा तर दाव्याच्या वेळी तो सिद्ध कसा करायचा? गंमत अशी, की उद्या दोघींनाही टिक फिव्हर झाला तर रक्ततपासणी, सलाइन आणि औषधे यांचे बिल लॅब्रेडॉरला आणि देशीला एकाच दराने येते. गोचीड काही जातीचा दाखला पाहून चावत नाही.

या विषयाचा सगळा पेच त्या एका रकान्यात आहे. कायद्याच्या लेखी पाळीव प्राणी ही मालकाची मालमत्ता, दवाखान्याच्या लेखी तो रुग्ण आणि घरात तो घरातलाच एक. विमापत्र लिहिणारे या तिन्ही नात्यांची सरमिसळ करतात. एका कलमात कुत्रा दागिन्यासारखा चोरीला जातो, दुसऱ्यात तो माणसासारखा रुग्णालयात दाखल होतो आणि जाहिरातीत तो लाडका असतो. विमा निवडू पाहणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे, की हप्ता आणि विमा रक्कम यांकडे नंतर पाहावे. हे कागद प्राण्याला मालमत्ता समजून लिहिले आहेत की रुग्ण समजून, याचा निवाडा आधी करावा. तो झाला की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात आणि काही तर उरतच नाहीत.

हा विमा घरात आला तो गोठ्यातून. स्वीडनमध्ये १८९० साली घोडे आणि गुरे यांच्या विम्याचा जो व्यवसाय सुरू झाला, त्यातून आजची आग्रिया ही कंपनी उभी राहिली. कुत्र्याचा पहिला विमाही त्याच देशात १९२४ साली उतरवला गेला असे मानले जाते. ब्रिटनमधले पहिले विमापत्र १९४७चे. अमेरिकेत १९८२ उजाडावे लागले आणि तिथले पहिले विमापत्र निघाले ते दूरचित्रवाणीवरच्या लॅसीच्या नावाने. (पडद्यावर लॅसी मादी असली तरी ती भूमिका कायम नर कोली कुत्र्यांनी केली. त्या अर्जात ‘लिंग’ या रकान्यापुढे काय लिहिले असेल, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.)

आपल्याकडची वाटही गोठ्यातूनच येते. १९७२च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १ जानेवारी १९७३पासून चार सरकारी कंपन्या कामाला लागल्या आणि गाई-म्हशींचा विमा बँकेच्या कर्जाच्या मागोमाग खेडोपाडी पोहोचू लागला. पुढे २००५-०६मध्ये केंद्र सरकारने निवडक १०० जिल्ह्यांत अनुदानित पशुधन विमा प्रायोगिक तत्त्वावर आणला. या विम्याची घडण शेतकऱ्याच्या हिशोबाला धरून होती. गाय मेली की दूध बंद, दूध बंद की कर्जाचा हप्ता थकतो. म्हणून विमा मृत्यूचा आणि रक्कम बाजारभावाची. मेलेली गाय विमा उतरवलेलीच आहे याची खात्री हवी, म्हणून कानात क्रमांकाचा बिल्ला. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि कानातला बिल्ला एवढे जमले तर पैसे मिळायचे. ‘बिल्ला नाही, तर दावा नाही’ हे वाक्य विमा कंपनीच्या माणसाला आणि शेतकऱ्याला सारखेच पाठ असते. सरकारी कंपन्यांची कुत्र्यांसाठीची जुनी विमापत्रे याच साच्यातली आहेत : वय साधारण आठ आठवडे ते आठ वर्षे, अपघाताने किंवा आजाराने मृत्यू झाला तर भरपाई, लसीकरणाचा दाखला आवश्यक. प्राणी जिवंत राहून आजारी पडला तर काय, हा प्रश्न त्या साच्यात जवळजवळ नव्हताच. गाईच्या बाबतीत तो शेतकऱ्याने आपल्या पदरचे घालून सोडवायचा असे गृहीत होते.

कायदाही फार पुढे गेलेला नव्हता. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ४२८व्या कलमात प्राण्याला मारणे किंवा जायबंदी करणे हा गुन्हा ठरायला तो प्राणी १० रुपये किमतीचा असावा लागे. ४२९वे कलम हत्ती, घोडा, गाय, बैल यांना किमतीची अट न घालता संरक्षण देई, पण इतर प्राण्यांसाठी ५० रुपयांची अट ठेवी. कुत्रा या ‘इतर’मध्ये. हे आकडे १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत पुस्तकात टिकून होते. नव्या ३२५व्या कलमात किमतीची अट गेली, ‘कोणताही प्राणी’ एवढेच शब्द राहिले. म्हणजे फौजदारी कायद्याने किमतीचा रकाना खोडला, विम्याच्या अर्जाने तो ठेवला. यात हसण्यासारखे काही नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने २०२२मध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्यासाठी जो आदर्श कायदा मंजूर केला, त्याची व्याख्याही अशीच आहे : पाळीव प्राण्याचा विमा म्हणजे त्याच्या आजारपणाला आणि अपघाताला संरक्षण देणारा मालमत्ता विमा. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाचे मांजर आणि कोथरूडमधल्या कुटुंबाचे मांजर या एका बाबतीत समदुःखी आहेत.

आपल्याकडे हवा बदलली ती अलीकडे. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने ऑगस्ट २०२०मध्ये कुत्र्यांसाठी जे विमापत्र आणले, त्यात शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला खर्च हा गाभा होता. मृत्यू, चोरी किंवा हरवणे, बाह्यरुग्ण उपचार, दुसऱ्याला झालेली इजा हे भाग त्याला जोडून घेण्यासारखे होते. पाठोपाठ इतर खासगी कंपन्या उतरल्या आणि काहींनी मांजरांनाही आत घेतले. स्वीडनमध्ये हीच विभागणी फार स्वच्छ आहे. तिथे उपचाराचा विमा वेगळा आणि जिवाचा विमा वेगळा. दोन्ही घ्यायचे की एकच, हे मालकाने ठरवायचे. आपल्या विमापत्रात ही दोन खाती एकाच वेष्टनात येत असतील तर ती आपण स्वतः वेगळी करून वाचावीत. माझे मत स्पष्ट आहे. पैदाशीचा किंवा प्रदर्शनातला किमती कुत्रा असेल तर मृत्यूचे कलम कामाचे; घरच्या कुत्र्यासाठी ते शेवटी पाहावे, आणि हप्ता जड जात असेल तर ते मुळी घेऊच नये. कुत्रा गेल्यावर मिळणारे वीस-पंचवीस हजार घराचा काही तोटा भरून काढत नाहीत. तो वाचण्याची शक्यता असताना हाताशी असलेले पन्नास हजार मात्र निर्णय फिरवू शकतात. पैसे नाहीत म्हणून बऱ्या होऊ शकणाऱ्या प्राण्याला दयामरण द्यावे लागणे ही जगभरच्या पशुवैद्यांची ठसठसती जखम आहे, आणि या विम्याचे खरे समर्थन मला तिथेच दिसते.

आता जरा आकडेमोड करू. मे महिना आहे, घरात आंबे आहेत आणि कुत्र्याने कोय गिळली आहे. आपल्याकडच्या पशुवैद्यांना हा प्रकार नवा नाही. कोय आतड्यात अडकते, उलट्या सुरू होतात, एक्स-रे आणि सोनोग्राफी होते आणि शेवटी पोट उघडावे लागते. समजा, सगळे मिळून बिल आले ६०,००० रुपये. एका घराकडे १ लाख रुपयांचे विमापत्र आहे, पण त्यात एका घटनेला विमा रकमेच्या ३० टक्क्यांची मर्यादा आणि १० टक्के को-पे, म्हणजे मालकाने सोसायचा हिस्सा, आहे. म्हणजे मर्यादेने ३०,०००, त्यातून ३,००० वजा, हाती २७,०००. दुसऱ्या घराने ६०,०००चेच विमापत्र घेतले, पण त्याला प्रत्येक घटनेची वेगळी मर्यादा नाही. ५,००० डिडक्टिबल, म्हणजे मालकाने आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, आणि उरलेल्यावर १० टक्के को-पे. साठातून पाच गेले, उरलेल्या पंचावन्नातून साडेपाच गेले, हाती ४९,५००. मोठ्या आकड्याच्या विमापत्राने छोट्याच्या तुलनेत निम्म्याहून थोडेच जास्त दिले. शिवाय पहिल्या विमापत्रात को-पे आधी बिलावर लावायचा आणि मर्यादा नंतर, असे लिहिले असते तर ६०,०००चे ५४,००० झाले असते, मग मर्यादेने पूर्ण ३०,००० मिळाले असते. तीन हजारांचा फरक केवळ दोन पायऱ्यांच्या क्रमाचा. विमा रक्कम ही मथळ्यातली गोष्ट आहे. व्यवहार चालतो तो पोटमर्यादांवर. म्हणून माहितीपुस्तिका बाजूला ठेवून कलमांचा मूळ मजकूर मागावा आणि एक काल्पनिक बिल घेऊन कागदावर गणित करून पाहावे. एजंटासमोर बसून करावे, म्हणजे त्यालाही ते कळते.

कोयीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे : हा अपघात की आजार? प्रश्न पंडिती वाटेल, पण प्रतीक्षा काळाचा कस इथेच लागतो. विमा घेतल्यापासून ठरावीक दिवस आजाराच्या खर्चाला संरक्षण नसते. अपघाताला बहुधा ते लगेच किंवा लवकर मिळते. विमा घेऊन दहाच दिवस झालेले असताना कोय गिळली गेली, तर सगळा दावा त्या एका वर्गीकरणावर उभा राहतो. गिळलेल्या वस्तूबद्दल विमापत्र काय म्हणते हे आधीच पाहिलेले बरे, कारण आंबा काय आणि लहान मुलांचे मोजे काय, हे वर्षभर चालायचेच.

प्रतीक्षा काळाचा अनेकांना राग येतो. पण त्यामागचे तर्कशास्त्र समजून घेतले तर राग बराचसा निवळतो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर आणि जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेले निबंध या क्षेत्राचे दोन खांब आहेत. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखी माहिती नसली तर बाजार कसा बिघडतो, हा अकरलॉफ यांचा प्रश्न. विम्यात जास्त माहिती घेणाऱ्याकडे असते : कुत्रा परवापासून लंगडतो आहे हे घरच्यांना ठाऊक, कंपनीला नाही. लंगडणाऱ्यांचेच विमे उतरू लागले तर हप्ते चढतात, हप्ते चढले की धडधाकट प्राण्यांचे मालक बाहेर पडतात आणि मागे उरलेल्यांचा हप्ता आणखी चढतो. प्रतीक्षा काळ हा त्यावर घातलेला बांध आहे, आणि तो वाजवी असेपर्यंत माझी त्याला हरकत नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी आदर्श कायद्यात आजारासाठी ३० दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि अपघातासाठी प्रतीक्षा काळ ठेवायला बंदी आहे. आपल्या हातातले विमापत्र तपासायला तो दाखला उपयोगी पडतो.

‘आधीपासूनचा आजार’ हे कलम मात्र याहून खोल जाते, आणि बहुतेक भांडणे तिथे होतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फाइलवर सहज लिहिलेले असते : उजवा मागचा पाय किंचित आखडतो, वजन कमी करा. मालक ते विसरलेला असतो. आता त्याच पायाचा गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो आणि कंपनी ती ओळ शोधून काढते. काही परदेशी विमापत्रे तर एका गुडघ्याला आधी त्रास झाला असेल तर दुसऱ्या गुडघ्यालाही आधीपासूनचा आजार मानतात. दुसरा सापळा नूतनीकरणाचा. त्वचेची ॲलर्जी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, अपस्मार ही दुखणी वर्षाच्या आत आटपत नाहीत. पहिल्या वर्षी खर्च देणारे विमापत्र दुसऱ्या वर्षी त्याच दुखण्याला ‘आधीपासूनचे’ म्हणत असेल, तर त्याचा उपयोग पडसे-खोकल्यापुरता. ब्रिटनमध्ये हा फरक विमापत्राच्या प्रकारातच दिसतो. काही विमापत्रे एका दुखण्याला बहुधा १२ महिने पैसे देतात आणि मग हात वर करतात, तर आजीवन प्रकारात दरवर्षी नूतनीकरण झाले की मर्यादा पुन्हा भरते. दुसरी महाग पडतात, आणि घ्यायची तर तीच घ्यावीत. आपल्याकडे विचारायचा प्रश्न सरळ आहे : या वर्षी सुरू झालेल्या आजाराचा खर्च पुढच्या वर्षी मिळेल का? उत्तर तोंडी घेऊ नये.

माहिती लपवू नये, हे सांगायला मला कायद्याच्या इतिहासाचा आधार घ्यावासा वाटतो. सुमात्रातल्या एका इंग्रज किल्ल्याच्या विम्यावरून झालेल्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६मध्ये जे तत्त्व मांडले, ते आजही विम्याच्या कराराचा पाया आहे : दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागायचे, एकालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्याने दडवायची नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंत कौर संधू यांच्या खटल्यात २००९मध्ये हेच तत्त्व आरोग्य विम्याला लावले, आणि अर्जात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्यामुळे दावा नाकारणे योग्य ठरवले. कुत्र्याच्या अर्जालाही हाच नियम. पण सचोटी दोन्ही बाजूंची असते, हे लोकांना कमी माहीत असते. विमापत्रातला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे १९६६च्या चांदमल जैन खटल्यापासून आपल्याकडे मान्य आहे. अपवादाचे जे कलम ग्राहकाला कळवलेच नाही त्यामागे कंपनीला लपता येत नाही, हे २०००च्या मॉडर्न इन्सुलेटर्स खटल्यात सांगितले गेले. हे दोन्ही खटले प्राण्यांच्या विम्याचे नाहीत. तरी या क्षेत्रातल्या अभ्यासकाने ते वाचावेत, कारण कुत्र्याच्या दाव्यातही कंपनीचे वकील आणि ग्राहक त्याच तत्त्वांवर भांडणार आहेत.

कोणता आजार कुठे जास्त, यावरूनही विमापत्राची निवड बदलते. महाराष्ट्रात पावसाळा सुरू झाला की गोचीड वाढतात आणि त्यांच्याबरोबर अर्लिकिया आणि बाबेसिया यांचे रुग्ण वाढतात. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि तो माणसालाही होतो. १९७८च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेलेला पार्व्हो आजही पिल्लांचा मोठा शत्रू आहे. लस चुकलेले पिल्लू रक्ताच्या जुलाबांनी दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. पार्व्हो, डिस्टेम्पर, लेप्टो आणि रेबीज यांच्या बाबतीत बहुतेक विमापत्रे एकच अट घालतात : लस वेळेवर दिली असेल तरच पैसे. लसीकरणाचे कार्ड हा दाव्यासोबतचा पहिला कागद असतो, आणि त्यावर लसीच्या कुपीचा चिकटवलेले छोटे लेबल, तारीख, डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असावा. नुसती तारीख पुरत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पग आणि बुलडॉग यांना उष्माघात लवकर होतो. चपट्या नाकाच्या जातींच्या श्वसनाच्या तक्रारी काही कंपन्या जन्मजात म्हणून वगळतात. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याच्या सांध्याचे तसेच. कारवानी किंवा देशी कुत्र्याला ही विशिष्ट दुखणी कमी, पण बाकी सगळी आहेत. बोक्यांना लघवी तुंबण्याचा विकार होतो आणि त्यात काही तासांचा उशीर जिवावर बेततो. म्हणून मांजराचा विमा पाहताना रात्रीच्या आणीबाणीचे शुल्क त्यात येते का, हे विचारावे. दातांचे उपचार, नसबंदी, गर्भारपण, पिसवांची औषधे, केस-नखांची निगा हे बहुधा बाहेरच असते. तिथे वेळ घालवू नये.

वयाचे कोष्टक नीट पाहावे. प्रवेशाचे वय आणि नूतनीकरणाचे वय हे दोन वेगळे आकडे आहेत. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जाती लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून त्यांची मर्यादा लवकर संपते. विमा घ्यायचाच तर पिल्लूपणी घ्यावा, फाइल कोरी असताना.

कुत्र्या-मांजरांच्या विम्यात बिल्ल्याची जागा आता मायक्रोचिपने घेतली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली जाड सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते. मानेवरून वाचक यंत्र फिरवले की १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींनी ती क्षणभर जागी होते आणि पडद्यावर १५ आकडे येतात. पहिले तीन आकडे देशाचे किंवा उत्पादकाचे. चिप बसवल्यामुळे हरवलेला कुत्रा मोबाइलवर दिसेल ही समजूत चुकीची आहे. ती फक्त ओळख सांगते, ठावठिकाणा नाही. विमा घेताना तो क्रमांक आपल्यासमोर वाचून घ्यावा, विमापत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि दवाखान्याच्या प्रत्येक बिलावर लिहून घ्यावा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कागदोपत्री तो कुत्रा दुसऱ्याचाच ठरतो. गुरांच्या बाबतीत नाकाच्या ठशानेही ओळख पटवतात, कारण तो प्रत्येक जनावराचा निराळा असतो.

दुसऱ्याला चावण्याबद्दल थोडक्यात. त्या कलमातून मिळते ती दिवाणी भरपाई. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली जी शिक्षा होते, ती कोणताही विमा भरून देत नाही. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांनी त्यांचा विमा मिळेल या आशेवर राहू नये. ज्याचे नुकसान कायद्याने आपले ठरत नाही त्याचा विमा उतरवता येत नाही, हा या शास्त्राचा जुना नियम आहे. तो बदलावा का, यावर चर्चा व्हायला मात्र हरकत नसावी.

विमा घ्यावाच का, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा आणला. मुंबईच्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. तेव्हापासून २०२४मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उभे राहीपर्यंत, प्राण्यांवर होऊ शकणारे उपचार माणसांच्या उपचारांच्या जवळ येत गेले, आणि खर्चही. जे पूर्वी अशक्य होते ते आज महाग आहे. दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकणे हा विम्याला चांगला पर्याय आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काम देऊ लागतो. पिल्लाचा पार्व्हो आणि तरुण कुत्र्याचा अपघात तेवढी वाट पाहत नाही. म्हणून पहिली काही वर्षे उपचाराचा विमा आणि सोबत खाते, असे मी सुचवीन. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मात्र बहुतेकदा खातेच बरे, कारण त्या वयात हप्ता चढलेला असतो आणि अपवादही वाढलेले असतात.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते; त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच.

या विषयाकडे केवळ ग्राहक म्हणून न पाहणाऱ्यांसाठी आता थोडे. स्वीडनमध्ये बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो. त्यामुळे तिथल्या विमा कंपनीच्या नोंदी म्हणजे अख्ख्या देशाच्या कुत्र्यांची आरोग्यवहीच झाली. ॲग्नेटा एगेनवाल, ब्रेंडा बॉनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून या नोंदी चाळून कोणती जात कशाने आजारी पडते, कोणत्या वयात मरते, याचे चित्र उभे केले. गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, हे त्यातले गाजलेले उदाहरण. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी करण्याची पद्धत फारशी नव्हती, म्हणून तिथे निसर्गतः काय होते ते दिसले : दहा वर्षांच्या होईपर्यंत सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा माद्यांना हा आजार गाठतो, आणि जातीजातींत मोठा फरक आहे. नसबंदी केव्हा करावी यावर जगभर जी चर्चा चालते, तिच्यात दाव्यांच्या कागदांतून निघालेले हे आकडे येतात. विम्याची निवड हा अशा अभ्यासाचा दुसरा टप्पा झाला. जातीनुसार आणि प्रदेशानुसार धोका कळला तर हप्ता वाजवी आहे की नाही हे ग्राहकालाही सांगता येते.

आपल्याकडे हे काम व्हायचे आहे. कोल्हापूरचा कुत्रा आणि स्वीडनमधल्या उमेओचा कुत्रा एकाच कारणांनी आजारी पडत नाहीत. उधारीच्या कोष्टकावर आपले हप्ते ठरू नयेत असे वाटत असेल तर आपल्या नोंदी आपल्यालाच जमवाव्या लागतील. महाराष्ट्रात परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तिथे प्रबंधाला विषय शोधणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. त्यांना हा विषय मोकळा पडून आहे. डॉक्टरांना विनंती, की फाइलवर ‘ताप’ एवढेच न लिहिता निदान लिहावे, जात आणि वय लिहावे, आणि देशी असेल तर तसे स्पष्ट लिहावे. वाचकांना विनंती, की मंजूर झालेल्या आणि त्याहून जास्त नाकारल्या गेलेल्या दाव्यांचे कागद, बिले आणि तपासण्यांचे अहवाल रद्दीत घालू नयेत. नाव-पत्ता खोडून त्यांच्या प्रती जवळच्या महाविद्यालयातल्या अभ्यासकाकडे पोहोचवाव्यात.